दीड दिवसाची शाळा आणि लेबर कॅम्पचे विद्यापीठ

द्वितीय वर्ष, कला शाखा

गेल्या दिवाळीत आमच्या घरी माझ्या शिक्षणाचा विषय निघाला. कर्जतजवळच्या एका रिसॉर्टमध्ये पावत्या फाडण्याचे काम मिळत होते. पगार महिन्याच्या महिन्याला, जाण्यायेण्याला गाडी. काकांचे म्हणणे असे की, कॉलेज सोडून ते काम धरावे. त्यांनी दाखला दिला तो अण्णा भाऊ साठे यांचा. अण्णा भाऊ अवघे दीड दिवस शाळेत गेले, तरी त्यांनी ‘फकिरा’ लिहिली आणि ते रशियाला जाऊन आले. मग पोरीने तीन वर्षे पुस्तके घोकून काय मोठे होणार, असा त्यांचा सवाल होता. काका वाईट बोलले नाहीत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेले नाही, आणि महिन्याचा पगार म्हणजे काय हे ज्याला वीटभट्टीच्या हंगामावर जगावे लागते त्यालाच कळते. बाबा गप्प बसून होते. मलाही त्या वेळी उत्तर सुचले नाही.

उत्तर शोधायला मी आपल्या ग्रंथालयात बसले. अण्णा भाऊंची जी पुस्तके मिळाली ती वाचली, त्यांच्याविषयी लिहिलेले वाचले. वाचता वाचता ध्यानात आले की, दीड दिवसाची शाळा ही गोष्ट खरी आहे, पण अर्धीच आहे. उरलेली अर्धी गोष्ट कोणी सांगत नाही. ती सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच. गुरुजनांनी व मित्रमैत्रिणींनी चूकभूल पदरात घ्यावी.

अण्णा भाऊंचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. वारणेच्या खोऱ्यातले हे गाव वाळवा तालुक्यात आहे. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. आईचे नाव वालूबाई. समाज मांग, म्हणजे मातंग. घर गावाबाहेर, मांगवाड्यात. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. पुढे त्याचा फास वाढत वाढत अनेक जातीजमातींच्या गळ्यात पडला. गावात कोठे चोरी झाली की पहिला संशय मांगवाड्यावर. तिथल्या कित्येक पुरुषांना रोजची हजेरी द्यावी लागे. माणूस जन्माला येताच त्याच्या कपाळी गुन्हेगार असा शिक्का मारणारा हा कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, रद्द झाला. अण्णा भाऊ तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. म्हणजे त्यांचे सारे बालपण आणि तारुण्य या शिक्क्याच्या छायेत गेले.

अशा घरातल्या मुलाला शाळेत घातले, तेही उशिराने. अक्षर गिरवता येत नाही म्हणून मास्तरांनी बोटांवर मारले आणि मुलगा उठून निघून आला तो परत गेला नाही, असे सांगतात. हीच ती दीड दिवसाची शाळा. ही गोष्ट आज आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. जणू शाळा सोडली म्हणूनच ते मोठे झाले! पण जरा विचार करावा. त्या मुलाने शाळा टाकली नव्हती, शाळेनेच त्याला टाकले होते. त्याच्याबरोबर मांगवाड्यातली आणखी किती मुले अशी परत आली असतील? त्यांच्यातून दुसरा अण्णा भाऊ झाला नाही. तेव्हा शाळेवाचून माणूस मोठा होतो असे म्हणायचे झाल्यास, त्या बाकीच्या मुलांचे काय झाले तेही सांगावे लागेल.

शाळा सुटली तरी शिकणे सुटले नव्हते. मांगवाडा ही कलावंतांची वस्ती. हलगी तिथे, तमाशा तिथे, पोवाडा तिथे. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांना शेकडो ओळी पाठ होत्या. रानात हिंडताना पाखरे, झाडे, ओढे यांची ओळख झाली. दांडपट्टा, लाठी हे खेळ अंगात मुरले. आणि घरात फकिराच्या कथा होत्या. फकिरा हा त्यांच्या नात्यागोत्यातलाच, सरकारी खजिना लुटून उपाशी लोकांना देणारा बंडखोर. अण्णा भाऊंचा जन्म झाला त्या वेळी या फकिराने बाळंतिणीसाठी ओंजळभर रुपये दिले, अशी त्या घरातली आठवण आहे. पुढे चाळीस वर्षांनी त्या ओंजळीची परतफेड झाली ती कादंबरीच्या रूपाने.

१९३१-३२ च्या सुमारास दुष्काळाने गाव सोडायला लावले. आईवडील आणि भावंडे मुंबईला निघाली, ती पायी. वाटेगाव ते मुंबई हे अंतर तीनशे किलोमीटरहून अधिक आहे. गाडीभाड्याला पैसे नव्हते. वाटेत मिळेल ते काम करायचे, पोटाला चार घास मिळवायचे आणि पुढे चालायचे. त्या वेळी अण्णा भाऊ अकरा-बारा वर्षांचे होते. पुण्याहून मुंबईला येणाऱ्याला सह्याद्री उतरावाच लागतो, आणि बोरघाटाचा पायथा आपल्या खालापूर तालुक्यात आहे. मी खोपोलीला मावशीकडे जाते तेव्हा तो घाट दिसतो. आज तेथून मोटारी भरधाव धावतात. मला मात्र डोक्यावर बोचके घेतलेली एक बाई आणि तिच्यामागे अनवाणी चालणारी पोरे दिसतात.

मुंबईत हे कुटुंब भायखळ्याच्या चाळीत राहिले. अण्णा भाऊंनी हमाली केली, फेरीवाल्याचे गाठोडे पाठीवर वाहिले, पुढे गिरणीत काम केले. आणि याच शहरात त्यांची दुसरी शाळा सुरू झाली. या शाळेला इमारत नव्हती. दुकानांच्या पाट्या, भिंतीवर लावलेली सिनेमांची पोस्टरे, रस्त्यांची नावे हीच त्यांची अंकलिपी. एखादे अक्षर अडले की जवळच्या माणसाला विचारायचे. अक्षराला अक्षर जोडत हा मुलगा वाचायला शिकला. येथेही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाटी एकट्याने वाचता येत नाही. अडलेले अक्षर सांगणारा कोणीतरी लागतो. मुंबईच्या फुटपाथवर असे सांगणारे भेटले, म्हणून वाचणे शक्य झाले.

मध्यंतरी ते वाटेगावला परतले. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात ते शिरले. तेथे ढोलकी, पेटी, वगातली भूमिका, हजारो लोकांसमोर उभे राहून बोलणे, हे सारे हाताखालून गेले. लोक कुठे हसतात, कुठे गप्प होतात, कुठे उठून जातात, हे फडात जसे कळते तसे पुस्तकात कळत नाही. त्याच काळात सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या लढ्याचे वारे वाहत होते. अण्णा भाऊ त्यात ओढले गेले. पोलिसांचे वॉरंट निघाले आणि त्यांना पुन्हा मुंबई गाठावी लागली. १९४२ ची ती धामधूम आपल्या तालुक्यालाही परकी नाही. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी शाळा काढल्या, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभारल्या आणि पुढे भूमिगत होऊन आझाद दस्ता चालवला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. सातारा काय, कर्जत काय, त्या वर्षांत शिक्षण आणि लढा या दोन गोष्टी एकाच हाताने चालत होत्या.

आता मी मूळ मुद्द्याकडे वळते. मुंबईत माटुंगा आणि धारावी यांच्या मधल्या भागात लेबर कॅम्प नावाची वस्ती होती. गिरण्यांत, गोदीत, नगरपालिकेत राबणारी माणसे तेथे राहत. त्यांत दलित कुटुंबे पुष्कळ होती. पत्र्याची आणि पोत्यांची घरे, उघडी गटारे, डासांचे थवे. पण या वस्तीत एक गोष्ट होती, जी वाटेगावच्या शाळेत नव्हती. येथे कोणी कोणाला जात विचारून दूर बसवत नव्हते, आणि शिकावेसे वाटणाऱ्याला शिकवणारी माणसे होती. कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते येथे कामगारांचे अभ्यासवर्ग घेत. दिवसभर घाम गाळून आलेली माणसे रात्री दिव्याभोवती बसत. वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई. जगात कोठे लढाई चालली आहे, मजुरी कशी ठरते, धान्य महाग का होते, याची चर्चा होई. ज्याला वाचता येई तो वाचे, ज्याला येत नसे तो ऐके आणि प्रश्न विचारी.

या वस्तीतले एक मोठे नाव म्हणजे आर. बी. मोरे. रामचंद्र बाबाजी मोरे हे आपल्या रायगड, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातल्या महाड भागाचे. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहामागे जे कार्यकर्ते होते त्यांतले ते एक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे सहकारी असलेले मोरे पुढे कम्युनिस्ट चळवळीत आले, पण बाबासाहेबांविषयीचा आदर त्यांनी सोडला नाही. त्यांच्याबरोबर के. एम. साळवी, शंकर नारायण पगारे असे कार्यकर्ते होते. या मंडळींच्या सहवासात अण्णा भाऊंचे वाचन वाढले. मॅक्झिम गॉर्की हा रशियन लेखक त्यांना येथेच भेटला. गॉर्कीही लहानपणी शाळेबाहेर पडलेला, मिळेल ते काम करत वाढलेला. आपल्यासारख्या माणसाला लिहिता येते, आणि आपल्यासारख्या माणसांविषयी लिहिता येते, हा धीर अण्णा भाऊंना त्या वाचनातून मिळाला असला पाहिजे.

आणि मग लेखणी चालू लागली. सुरुवातीची रचना कशावर असावी? चंद्रावर नाही, फुलावर नाही. लेबर कॅम्पमधल्या डासांवर! ज्या डासांनी वस्तीची झोप उडवली होती, त्यांच्यावर त्यांनी गाणे रचले आणि वस्तीसमोर म्हटले. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पहिला श्रोता संपादक नव्हता, परीक्षक नव्हता. तो शेजारी होता. त्याला रात्री तेच डास चावत होते. त्यामुळे गाण्यात एक शब्द खोटा पडला असता तर तो तिथल्या तिथे पकडला गेला असता. आणि गाणे आवडले तेव्हा मिळालेली दादही खरी होती. आपण वर्गात निबंध लिहितो तेव्हा परीक्षकाला काय आवडेल याचा विचार करतो. अण्णा भाऊंनी आपली माणसे समोर बसवून लिहायला सुरुवात केली, आणि आयुष्यभर तीच माणसे समोर ठेवली.

दुसरे महायुद्ध चालू होते. १९४२ च्या उन्हाळ्यात हिटलरच्या फौजा रशियातल्या स्टालिनग्राडवर चालून गेल्या आणि १९४३ च्या फेब्रुवारीत तेथे त्यांचा पराभव झाला. अण्णा भाऊंनी स्टालिनग्राड पाहिले नव्हते. अभ्यासवर्गात ऐकलेल्या बातम्यांवरून त्यांनी १९४३ साली ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. शिवरायांच्या आणि तानाजीच्या पराक्रमासाठी जी चाल शाहिरांनी वापरली, तीच चाल दूरच्या एका शहरातल्या कामगारांच्या पराक्रमासाठी त्यांनी वापरली. गिरणगावाने तो पोवाडा डोक्यावर घेतला. वाटेगावच्या फडातली ढोलकी आणि लेबर कॅम्पच्या वर्गातला नकाशा या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या नसत्या तर हा पोवाडा झाला नसता.

१९४४ साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव महबूब हुसेन पटेल. त्यांचा आवाज मैदान भरून टाकणारा. गव्हाणकर शाहीर आणि अण्णा भाऊ लिहिणारे-करणारे. या पथकाने गिरणगावापासून खेड्यापर्यंत कार्यक्रम केले. बंगालच्या दुष्काळावर, कामगारांच्या संपावर, जातीय दंग्यांवर अण्णा भाऊंनी रचना केल्या. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’, ‘मूक मिरवणूक’ ही त्यांची वगनाट्ये लोकांनी उचलून धरली. तमाशाचा घाट त्यांनी ठेवला, पण आतला माल बदलला. गणात देवाऐवजी देश, हुतात्मे आणि श्रमणारे लोक आले. गवळण वगळली. राजा-राणीच्या जागी सावकार, पुढारी आणि कामगार उभे राहिले. ज्या तमाशाकडे सुशिक्षित लोक नाके मुरडून पाहत, तोच तमाशा लोकनाट्य म्हणून मानाने उभा राहिला, त्यात अण्णा भाऊंचा वाटा फार मोठा आहे. १९४९ साली अलाहाबाद येथे इप्टा या अखिल भारतीय नाट्यसंघटनेच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. ज्या मुलाला गावच्या शाळेत बसायला जागा नव्हती त्याला देशभरच्या कलावंतांनी आपल्या पुढे बसवले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आणली. रंगमंच हातचा गेला. दुसरा कोणी असता तर थांबला असता. अण्णा भाऊंनी कथा आणि कादंबरीकडे जास्त लक्ष वळवले. ‘माझी दिवाळी’ ही त्यांची कथा १९४९ साली ‘मशाल’ या साप्ताहिकात आली. हे साप्ताहिकही चळवळीचेच. म्हणजे नव्या लेखकाची कथा छापायला जी जागा लागते तीही याच आपल्या माणसांनी दिली. पुढे कथा आणि कादंबऱ्यांची रांग लागली. त्यांच्या नावावर पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या आहेत. ‘स्मशानातील सोनं’ ही कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. खाणीतले काम सुटलेला भीमा मेलेल्यांच्या राखेत सोने शोधतो, ही कल्पनाच अंगावर काटा आणते. पण भीमा आपल्याला किळसवाणा वाटत नाही, आपला वाटतो. भुकेने माणसाचे काय होते ते लेखकाने पाहिले होते. त्याने भीमावर शेरा मारलेला नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरांचे डफ पुन्हा गर्जू लागले. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड घरोघर पोहोचली. पोटासाठी मुंबईला आलेला गडी आणि गावी राहिलेली त्याची बायको यांच्या ताटातुटीतून त्यांनी मुंबईवाचूनच्या महाराष्ट्राचे दुःख सांगितले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. त्यापूर्वी, २ मार्च १९५८ रोजी, मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णा भाऊंच्या हस्ते झाले. हे जग कष्टकऱ्यांच्या हातांनी उभे आहे आणि म्हणून साहित्यात त्यांना मानाचे स्थान हवे, असा त्यांच्या त्या भाषणाचा आशय होता. पुढे दहा-पंधरा वर्षांनी जे दलित साहित्य मराठीत उसळून आले त्याची ही पहाट होती.

१९५९ साली ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. लहानपणी ऐकलेल्या कथा, वाटेगावची जोगणी, मांगवाड्यातली भूक आणि इमान, इंग्रजी अंमलाचा जाच, हे सारे त्या कादंबरीत उतरले आहे. तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना आहे आणि ती अर्पण केली आहे डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला. १९६१ साली तिला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. ‘वैजयंता’, ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’ असे चित्रपट त्यांच्या कादंबऱ्यांवरून निघाले. १९६१ सालीच त्यांनी रशियाचा प्रवास केला. ज्या देशाविषयी रात्रीच्या वर्गात ऐकले, ज्याच्या शहरावर पोवाडा रचला, तो देश त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि परत येऊन ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला.

येथवर वाचून कोणालाही वाटेल की ही एका यशस्वी माणसाची कथा आहे. पण पुढचा भाग टाळून चालणार नाही. एवढी पुस्तके लिहिणारा हा लेखक घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत, एका लहानशा खोलीत राहत होता. शेजारी हमाल, फेरीवाले, दारूच्या नादी लागलेले, पोलिसांना चुकवणारे. ‘चिरागनगरची भुतं’ हे त्यांच्या एका पुस्तकाचे नावच आहे. पुस्तके खपत होती, चित्रपट निघत होते, पण लेखकाच्या हाती पैसा टिकला नाही. शेवटची वर्षे एकाकीपणात, आजारात आणि हलाखीत गेली. दारूनेही त्यांना धरले. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावच्या सिद्धार्थनगरमध्ये त्यांचे निधन झाले. वय पुरते एकोणपन्नासही नव्हते. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. एका उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या मधल्या काळात महाराष्ट्राचे दोन थोर आवाज थांबले.

हे वाचताना मला राग आला. ज्या माणसांनी त्यांना लिहिते केले ती माणसे शेवटी कोठे गेली? पण मग वाटले, लेबर कॅम्पमधल्या माणसांकडे देण्यासारखे जे होते ते त्यांनी दिले. अक्षर दिले, पुस्तक दिले, ढोलकी दिली, ऐकायला कान दिले. घर, औषध, पुस्तकाचा योग्य मोबदला हे देणे त्यांच्या हातात नव्हते. ते ज्यांच्या हातात होते त्यांनी फार उशीर केला. १९८५ साली त्यांच्या नावे शासनाचे विकास महामंडळ निघाले. २००२ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. २०२२ साली मॉस्कोमध्ये त्यांचा पुतळा बसला. हे सारे योग्यच झाले. परंतु जिवंत माणसाच्या झोपडीत जो दिवा लागत नाही तो पुतळ्यापाशी लावून त्याला उजेड मिळत नाही.

कर्जतहून मुंबईला जाणारी लोकल आपण सगळे पकडतो. ती घाटकोपरला थांबते, दादर सोडते, भायखळ्याला जाते. म्हणजे चिरागनगर, लेबर कॅम्पचा परिसर आणि त्यांचे पहिले घर, हे सारे आपल्या रोजच्या वाटेवर आहे. अण्णा भाऊ ज्या वस्त्यांत शिकले त्या वस्त्या आपल्या गाडीच्या खिडकीतून दिसतात. आपण पाहत नाही एवढेच.

आता माझ्या काकांच्या प्रश्नाकडे येते. आमच्या वाडीवर सातवीत असताना संध्याकाळचा वर्ग सुरू झाला होता. खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जाणारा एक दादा समाजमंदिरात आम्हा मुलांना बसवी. त्याचे स्वतःचे शिक्षण बारावी. आम्ही लिहिलेले तो सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवी आणि भिंतीवर चिकटवी. माझी आजी, जिला सही येत नव्हती, ती दारात बसून ऐके. मी लिहिलेल्या एका उताऱ्यात करवंदांची पाटी डोक्यावर घेऊन कडावच्या बाजाराला जाणाऱ्या बाईचे वर्णन होते. आजीने ते ऐकून सांगितले की, पाटी भरलेली असली की बाई अशी मान वळवून बघत नाही, तिला सगळे अंग वळवावे लागते. मी ते वाक्य बदलले. त्यापुढे एका शाळेत माझ्या बोलीला हसणारेही भेटले, आणि मी काही काळ लिहिणे बंद केले. पण आजीने सुधारलेले ते वाक्य माझ्याकडे अजून आहे. मला लिहायला कोणी शिकवले असे विचारल्यास मी त्या समाजमंदिराचे नाव सांगेन.

म्हणून मी काकांना या पाडव्याला सांगितले की, अण्णा भाऊ दीड दिवस शाळेत गेले हे खरे, पण त्यांचे शिक्षण दीड दिवसाचे नव्हते. मांगवाडा, बापूंचा फड, फुटपाथवरच्या पाट्या, लेबर कॅम्पमधले रात्रीचे वर्ग, कलापथक, साप्ताहिक, असे पंधरा-वीस वर्षांचे शिक्षण त्यांनी घेतले. मुंबईच्या कामगारांनी मिळून त्यांच्यासाठी एक कॉलेज चालवले होते, फक्त त्याला फाटक नव्हते. आज मला फाटक असलेले कॉलेज मिळाले आहे. ज्या दारातून त्यांना आत येऊ दिले नाही ते दार माझ्यासाठी उघडे असताना मी मागे फिरले, तर तो त्यांचा दाखला होणार नाही, त्यांचा अवमान होईल.

काका काही बोलले नाहीत. रिसॉर्टमधली जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. बाबांनी मात्र दुसऱ्या दिवशी विचारले की, तो फकिरा पुढे काय करतो. त्यांना वाचता येते, पण जोडाक्षरे अडतात. तेव्हापासून रात्री जेवणे झाली की मी दहा-बारा पाने मोठ्याने वाचते. आई भांडी घासता घासता ऐकते, शेजारची आत्या येऊन बसते. फकिराच्या बापाचे, राणोजीचे मरण आले त्या रात्री कोणी लवकर उठले नाही. कादंबरी अर्ध्यावर आली आहे. काकाही दोनदा येऊन गेले.

लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांच्या स्मृतीस, आणि त्यांना अडलेले अक्षर सांगणाऱ्या त्या अनाम माणसांना, माझे विनम्र अभिवादन.